नववी घागर

“सर, तुमच्या पिक्चरचं नाव आमच्या पप्पांच्या बँडवरून ठेवलंय का?”

हा प्रश्न मी मॉलच्या मधोमध, माइक हातात धरून, चार-पाचशे माणसांसमोर विचारला. माझ्या मनाने नाही हं. स्नेहा आणि हर्षदाने पैज लावली होती. विचारलंस तर दोन प्लेट गरमागरम लोचो, नाही विचारलंस तर दहावी संपेपर्यंत तुला ‘फुसकी’ म्हणणार. आता मला कोणी फुसकी म्हणायचं म्हणजे! आठवीच्या आधी म्हटलं असतं तर मी ऐकूनही घेतलं असतं. तेव्हा मी हजेरीला ‘हजर’ म्हणायचे तेही शेजारच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. पण आठवीत सव्वीस जानेवारीला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला कांजिण्या आल्या आणि प्रवीण सरांनी ऐनवेळी तिचा कागद माझ्या हातात कोंबला. मध्येच लाइट गेली. माइक बंद. सगळे थांबले आणि मी मात्र पाठ केलेलं ओरडून ओरडून पुढे म्हणत राहिले. शेवटच्या रांगेतल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी माझा आवाज जो सुटला तो अजून थांबलेला नाही.

तर पैज कशावरून लागली ते सांगते. मधल्या सुट्टीत आम्ही एक खेळ खेळतो. एकीने एक नाव घ्यायचं. त्या नावाचं गाणं असेल तर एक गुण, पिक्चरसुद्धा असेल तर दोन, आणि त्याच नावाचा बँड पण असेल तर तीन. गाणं आणि पिक्चर अशा जोड्या ढिगाने मिळतात. एकाच नावाचे तीन-तीन पिक्चर निघतात, एक आजोबांच्या वेळचा, एक पप्पांच्या वेळचा आणि एक आत्ताचा. पण बँड म्हटलं की सगळ्या अडतात. हर्षदाने कोरियातला कुठला तरी बँड शोधून आणला होता, पण त्या नावाचा पिक्चर तिला दाखवता येईना. तीन गुण कोणालाच मिळाले नव्हते.

मग जूनमध्ये शाळा उघडली आणि दिंडोलीच्या पुलाखाली पोस्टर लागलं. पिवळंधमक. डोक्यावर घागर घेतलेली हिरोइन आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘नऊ घागरी’.

मी बाकावर उभी राहिले आणि म्हणाले, “तीन!”

कारण ‘नऊ घागरी’ हे आमच्या खान्देशातलं कानबाई देवीचं गाणं. आणि ‘नऊ घागरी बँड पार्टी, नवागाम, सुरत’ हा माझ्या पप्पांचा बँड. पप्पा, म्हणजे धर्मेंद्र, आठवडाभर लूमच्या कारखान्यात असतात आणि लग्नसराईत क्लॅरिनेट वाजवतात. सखाराम काका ढोल वाजवतात आणि बँडची गाडीही तेच हाकतात. गाडीवर नऊ घागरींचं चित्र आहे, पेंटरने चुकून आठच काढल्या होत्या, नववी मागाहून कोपऱ्यात बारीक घुसवलीय. गाणं, पिक्चर, बँड. तिन्ही. मी जिंकले. स्नेहा म्हणाली, “हट्, त्यांना तुझ्या पप्पांचा बँड माहीत तरी आहे का?” मी म्हटलं, “विचारू की.” आणि तशी ती पैज लागली.

मॉलमध्ये स्टेजवर हिरो, हिरोइन आणि दाढीवाले संगीतकार होते. माझा प्रश्न ऐकून सगळे हसले, पण छान हसले. संगीतकार म्हणाले, “अरे वा! तुमच्या पप्पांचा बँड पण नऊ घागरी? इथे, सुरतमध्ये? बेटा, नाव तर लोकगीताचं आहे. लोकांचं आहे. तुमचंही, आमचंही. हिच्यासाठी टाळ्या! आणि हिला एक टी-शर्ट द्या.”

मला पिवळा टी-शर्ट मिळाला, छातीवर ‘नऊ घागरी’. माझ्या दुप्पट मापाचा. लोचो तर मी त्याच संध्याकाळी खाल्ला, दोन्ही प्लेट, शेव-कांदा जास्त मारून.

टी-शर्ट पप्पांना बरोब्बर बसला. त्यांनी आरशात पुढून-मागून पाहिलं आणि सखाराम काकांना हाक मारून खालून वर बोलावलं. “सख्या, देख! आपली फुकटनी जाहिरात व्हई गई!” खरंच झाली होती. पप्पांचा फोन वाजायला लागला होता. ‘पिक्चरवाला बँड तुमचाच का?’ असं लोक विचारायचे आणि पप्पा हो पण म्हणायचे नाहीत, नाही पण म्हणायचे नाहीत. ते नुसते “बोला बोला, तारीख बोला” म्हणायचे.

मम्मी साड्यांच्या गठ्ठ्यात बसली होती. ती घरी साड्यांचे धागे कापते आणि लेस लावते. कात्री न थांबवता ती म्हणाली, “त्यासनं गाणं कसं शे व? आपलाच चालनं?”

“गाणं अजून बाहेर आलं नाही, मम्मी. थिएटरातच ऐकवणार म्हणे.”

“मंग जाऊत,” मम्मी म्हणाली. मम्मी पिक्चरला जाऊ म्हणाली! पप्पांनी लगेच पुढच्या रविवारची तिकिटं काढायला मला फोन दिला.

आता गाण्याबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर जाते. त्या मिरवणुकीत आमच्या गावाकडच्या बाया नऊ घागरी म्हणतात. आठ घागरी सगळ्यांच्या सारख्या. पहिली कानबाईला, दुसरी गायीला, तिसरी सासऱ्याच्या अंघोळीला, असं करत करत आठवी तुळशीला. नववी मात्र ज्या सुनेची तिने भरायची. लग्न होऊन आलेली सून नवव्या घागरीचं कडवं स्वतः जोडते आणि मग जन्मभर तिचं तेच. भागीरथी मावशीच्या नवव्या घागरीत तिने झिंगलेल्या दिराला अंघोळ घातलीय, दर वर्षी सगळ्या पोट धरून हसतात आणि दीर लांब जाऊन उभा राहतो. शांताबाई आजीच्या घागरीत माहेरची विहीर आहे, ते आलं की कोणी हसत नाही. आठ कडवी सगळ्या मिळून म्हणतात, नववीला एकेक बाई पुढे येते, आणि बँडही तेव्हा हळू होतो. मी सहावीत असताना पुढे जायला बघत होते तर शांताबाई आजीने दंडाला धरून मागे ओढलं होतं. “तू सून शे का? आधी सून व्हय, मंग भर.”

आणि माझ्या मम्मीच्या, म्हणजे अनुसयाच्या, नवव्या घागरीत मी आहे.

नववी घागर रिती ऊनी व माय,
नळवर रांग सरनी नही,
घरमा मनी योगी रडस व माय,
रडता रडता थकनी नही.

मी सहा महिन्यांची होते. पप्पा कारखान्यात, मम्मी नळावर, रांग काही सरेना. घरात मला एकटीला ठेवलेलं, मी रडतेय हे तिला तिथपर्यंत ऐकू येत होतं. शेवटी ती रिकामी घागर घेऊन पळत परत आली. सगळ्या बायांच्या घागरीत काहीतरी असतं. माझ्या मम्मीची एकटीची रिकामी आहे. लहानपणी मला वाटायचं की ही जगातली सगळ्यात भारी गोष्ट आहे, आपलं नाव गाण्यात असणं.

तर आम्ही पिक्चरला गेलो. पप्पा पिवळा टी-शर्ट घालून, मम्मी लग्नातली मोरपंखी साडी नेसून. पिक्चर ठीकच होता. हिरोइन विहिरीवर जाते, जमीनदाराचा मुलगा तिला बघतो वगैरे. इंटरव्हलनंतर गाणं लागलं. पहिल्या घागरीलाच आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या धरल्या. चाल जवळपास तीच, फक्त मागे खूप व्हायोलिन. मम्मीचे ओठ हलत होते. अंधारात मला दिसत होतं, ती हळूहळू बरोबर म्हणत होती. सहावी, सातवी, आठवी.

मग हिरोइन एकटी पुढे आली. व्हायोलिन थांबलं. आणि ती म्हणाली,

नववी घागर रिती ऊनी व माय...

मी मम्मीकडे पाहिलं. तिचे ओठ अजून हलत होते. नळवर रांग सरनी नही, तेही तसंच होतं. पिक्चरमध्ये नळ नव्हताच कुठे, विहीर होती, तरी हिरोइन नळ म्हणत होती! आणि मग, घरमा मनी राणी रडस व माय.

राणी.

मम्मीचे ओठ थांबले. तिने माझा हात धरला नाही की काही नाही. ती नुसती समोर बघत राहिली. थिएटरात लोक रडत होते. मागची एक बाई नाक ओढत म्हणाली, “काय लिहिलंय ना!”

कोणी लिहिलंय ते शेवटी पडद्यावर आलं. मी नावं संपेपर्यंत उठले नाही, झाडूवाला येऊन उभा राहिला तरी. ‘गीत – नऊ घागरी : पारंपरिक.’ बाहेर पडताना पप्पांनी पाण्याच्या बाटलीची पिशवी छातीशी धरली होती, टी-शर्टवरचं नाव दिसू नये अशी. रिक्षा केली. नवागामच्या वळणावर पप्पा म्हणाले, “पण त्यासले भेटनं कथाईन?” त्यांना कुठून मिळालं, असं ते विचारत होते, आणि विचारत होते रस्त्याला.

मला माहीत होतं. मला रिक्षात बसल्या बसल्याच आठवलं होतं.

मी सातवी संपवून आठवीत गेले त्या वर्षी कानबाईला गच्चीवर मम्मीचा व्हिडिओ काढला होता. पूर्ण गाणं, नऊच्या नऊ घागरी, मागे पप्पांचं क्लॅरिनेट. बँडसाठी चॅनल मीच काढलं होतं, त्यावर टाकायचा होता. खाली ‘गीतकार’ असा रकाना होता. मी मम्मीला विचारलं, “तुझं नाव टाकू?” तर ती केवढी घाबरली. “नको व माय! कानबाईनं गाणं शे. त्याले माणूसनं नाव लावतस का?” मी म्हटलं, बरं, आणि लिहिलं ‘पारंपरिक’. शाळेच्या पुस्तकात कवितेखाली लिहितात ना, तसं. मला तो शब्द फार भारदस्त वाटला होता.

पण एवढंच नव्हतं. त्यानंतरच्या फेब्रुवारीत, म्हणजे माझा आवाज नुकताच सुटला होता तेव्हा, चॅनलवर दिलेल्या नंबरवर एक फोन आला होता. पुण्याचा माणूस. खूप नीट बोलत होता. हे गाणं कुणाचं आहे, वापरलं तर चालेल का, असं विचारत होता. मम्मी पिठाच्या हातांनी भाकरी करत होती. मी फोनवर हात ठेवून विचारलं, “मम्मी, गाणं कुणाचं सांगू?” ती तव्याकडे बघत म्हणाली, “सांग, सगळासनं शे.” आणि मी माझ्या सूत्रसंचालनाच्या आवाजात, एकेक शब्द वेगळा काढून, सांगितलं होतं.

त्याने विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. न विचारता चोरलं असतं तर मला आता रागवता तरी आलं असतं.

सोमवारी शाळेतून आले तर चॅनलवर नोटीस. ‘या व्हिडिओतील गाणे दुसऱ्याच्या मालकीचे असल्याने व्हिडिओ काढण्यात आला आहे.’ दुसऱ्याच्या! मी तीन वेळा वाचलं. खाली ‘तुम्हाला हे मान्य नसल्यास’ असं बटण होतं. ते दाबलं की फॉर्म. तुम्ही मूळ मालक आहात का? हो. पुरावा जोडा. कसला पुरावा? मी व्हिडिओच जोडला. दोन दिवसांनी उत्तर आलं, आपला अर्ज फेटाळला आहे. परत भरला. परत फेटाळला. तिसऱ्यांदा भरला तेव्हा उत्तर एका मिनिटात आलं, म्हणजे कोणी वाचतही नव्हतं.

मग मी प्रवीण सरांकडे गेले. सरांनी चष्मा काढला, परत घातला. ते म्हणाले, “वकील करावा लागेल, योगिता. आणि वकील पहिल्यांदा हेच विचारणार, की गाणं तुमचंच कशावरून?”

“आमच्या सगळ्या गल्लीला माहितेय, सर.”

“गल्लीच्या सह्या घेऊन ये. बघू.”

मी वही घेऊन निघाले. भागीरथी मावशीकडेच पहिल्यांदा गेले, तिची सही नको, अंगठा तर अंगठा. ती गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती सूप खाली ठेवून म्हणाली, “पन योगी, नववी घागर तं ज्यानी त्यानी ऱ्हास. तुन्ही मायनी रिती व्हती हाई माले माहीत शे. पन कागदवर कोन्हा नावनी व्हती? मन्ही बी कागदवर नही.” आणि हसून म्हणाली, “पन काय गोड म्हनस व ती पिक्चरनी पोर! अनुसयापेक्षा बी गोड.”

तिने अंगठा दिला. शांताबाई आजीने दिला नाही. देवीच्या गाण्यावर भांडण नको म्हणाली. एकूण चार अंगठे आणि दोन सह्या झाल्या. मी त्याचा फोटो काढून पिक्चरच्या ऑफिसला पाठवला आणि फोन लावला. आठ दिवस लावत होते, नवव्या दिवशी एका ताईंनी उचलला. चांगल्या होत्या हं बोलायला. सगळं ऐकून घेतलं.

“हे बघ बाळा, आम्ही परवानगी विचारली होती. तुमच्याच नंबरवर. कॉल रेकॉर्ड आहे आमच्याकडे, थांब, ऐकवते.”

आणि मला ऐकू आलं, खरखर, मग मीच. “हो सर! नऊ घागरी हे गीत पूर्णपणे पारंपरिक आहे. ते आमच्या सर्व समाजाचं आहे. तुम्ही बिनधास्त घ्या, सर! आम्हाला आनंदच वाटेल!” मागे भाकरी थापल्याचा आवाज. किती छान बोलले होते मी! एकही शब्द अडखळला नव्हता.

“पण नववं कडवं माझ्या मम्मीचं आहे,” मी म्हणाले. मला वाटतं ते त्यांना नीट ऐकूही गेलं नाही. आठवीच्या आधी निघायचा तसा आवाज निघाला.

“तेव्हा सांगायचं ना मग,” त्या ताई म्हणाल्या. रागावून नाही. बिचाऱ्या खरंच हळहळल्या. “आता पिक्चर लागला गं. आणि तुमच्या व्हिडिओचं आम्ही मुद्दाम नाही केलं, ते मशीन आपोआप करतं. त्याला आमच्या हातात काही नाही.”

त्यांच्या हातात काही नाही. प्रवीण सरांच्या हातात नाही. माझ्या हातात वही होती.

स्नेहा आणि हर्षदाला मी हे सांगितलं. मग हर्षदा म्हणाली, “चार गुण दे हिला.” स्नेहाने तिला कोपर मारलं. तो खेळ आम्ही परत खेळलो नाही.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. श्रावण लागला आणि गल्लीत दुपारच्या गाण्याच्या तालमी सुरू झाल्या. भागीरथी मावशीच्या ओट्यावर बाया बसतात, मध्ये एक जण ढोलकी धरते. मी शाळेतून येताना ऐकलं. आठ घागरी झाल्या. मी चपला हातात घेऊन थांबले, म्हटलं आता भागीरथी मावशीचा दीर येणार. तर सगळ्या मिळून, एका सुरात, पिक्चरच्या चालीवर, व्हायोलिनची जागासुद्धा तोंडाने भरून म्हणायला लागल्या. नववी घागर रिती ऊनी व माय. घरमा मनी राणी रडस व माय.

सगळ्या! शांताबाई आजीसुद्धा. तिच्या माहेरची विहीर नाही, भागीरथी मावशीचा दीर नाही. ज्याची त्याची घागर कोणी भरलीच नाही. सगळ्या बाया माझ्या मम्मीची रिकामी घागर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या आणि ती मम्मीची आहे असं त्यांच्यातल्या एकीलाही तेव्हा वाटत नव्हतं.

“मावशी, तुझा दीर कुठे गेला?” मी विचारलं.

“जाऊ दे व, तो जुना व्हई गया,” मावशी म्हणाली. “हाई चांगलं शे. रडू येस.”

मम्मी ओट्यावर नव्हती. घरात होती. खिडकी लावून, उकाड्यात, साडीचे धागे कापत होती. आवाज तरी येतच होता. मी म्हटलं, “मम्मी, चल ना तालमीला. तू जाऊन योगी म्हण. मग त्यांना आठवेल.”

“गऊ व्हतू काल,” ती म्हणाली. काल ती गेली होती! मला माहीतच नव्हतं. “योगी म्हननू. तं भागी म्हने, अनुसया, चुकनी तू. राणी शे.”

तिने एक धागा कापला. “मंग घर ऊनू.”

मी तिच्याजवळ बसले. माझ्याकडे एवढा मोठा आवाज आहे, पाचशे माणसांसमोर प्रश्न विचारता येतो, लाइट गेली तरी शेवटच्या रांगेला ऐकू जातो, आणि मला एक वाक्य सुचेना. मी कात्री घेतली आणि दुसऱ्या बाजूने धागे कापायला लागले. फोनवर मी काय बोलले होते ते मी तिला तेव्हा सांगितलं. तिने साडीची घडी उलटली. मग म्हणाली, “मीच तं सांग म्हननू तुले.” त्याने मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

आज रविवार. कानबाई बसली आहे. सकाळपासून घरात नैवेद्याच्या रोटाच्या गव्हाचा आणि पुरणाचा वास आहे. दुपारी पप्पा दारात बसून क्लॅरिनेट पुसत होते आणि सखाराम काका जिन्यातून नवीन बॅनर वर आणत होते. ‘नऊ घागरी बँड पार्टी – पिक्चर फेम.’ हिरोइनचा फोटो पण होता. पप्पांनी तो पाहिला. त्यांनी पिवळा टी-शर्ट घातला नव्हता. त्यानेच ते क्लॅरिनेट पुसत होते.

“धरम्या, लावू ना?” काकांनी विचारलं.

“लाव,” पप्पा म्हणाले. “पब्लिक तेच मांगस. उद्या बी तेच वाजाडनं पडी.”

मम्मी पुरण वाटत होती. “वाजाडा,” ती म्हणाली. “मी म्हनाव नही.”

“आठ तं म्हन.”

“आठ बी नही. यंदा माले गाणंच नको.”

तिने ते रागाने म्हटलं असतं तर पप्पांनी समजूत काढली असती. ती नुसती बोलली, मीठ संपलं असं सांगावं तसं. पप्पा काकांकडे बघायला लागले आणि काका बॅनरकडे. मम्मी परत वाटायला लागली. पंधरा वर्षं ती प्रत्येक कानबाईला पुढे आली होती. मला वाटलं की आता कोणीतरी काहीतरी म्हणेल, आणि मग कळलं की म्हणणारं कोणीच उरलेलं नाही. पिक्चरला काही होणार नाही. व्हिडिओ परत येणार नाही. उद्या मिरवणुकीत पन्नास बाया राणी म्हणणार आणि पप्पांना त्यावर वाजवावं लागणार.

मी गेले आठ दिवस शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत होते आणि खोडत होते. चार ओळींपैकी दोनच नीट जमल्यात. ते पान मी दप्तरातून काढलं, घडी करून मुठीत धरलं आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिले. तिथून पप्पा आणि मम्मी दोघंही दिसतात.

“मम्मी, पप्पा, ऐका. काका, तुम्ही पण. मी ठरवलंय. उद्या नववी घागर आली की मी पुढे येणार आहे. पिक्चरची म्हणणार नाही, आणि मम्मीची पण नाही, ती तिची आहे. माझी म्हणणार. मी सून नाही ते मला माहितेय, शांताबाई आजी ओढेल तेही माहितेय, ओढू दे. दोन ओळी अजून व्हायच्यात, त्या रात्रीपर्यंत होतील नाहीतर दोनच म्हणेन. पप्पा, तुम्ही नेहमीसारखं हळू व्हायचं. आणि मम्मी, पहिल्याच ओळीत अनुसया आहे, आणि तू कितीही नको म्हणालीस तरी ते नाव मी या वेळी गाळणार नाही.”